तिसऱ्या हाकेची ओ

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार

डोंबिवलीत दाखल झालो. पुण्यात मित्र दात काढत होते, डोंबिवलीत कसलं आलंय सॉफ्टवेअर? आलंय बाबांनो. मानपाडा रोडला, औद्योगिक वसाहतीत. एका अंगाला रंगाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला बाटल्यांची बुचं बनवणारा, आणि मध्ये आमची दुमजली कंपनी. वास असा की डबा उघडला तरी आत कोणती भाजी आहे ते कळत नाही. पण मी खूश आहे. राहायची खोली दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर. आईने दिवाळीचा उरलेला चिवडा बांधून दिलाय. ऑफिसात साहेब धरून चार माणसं, आणि त्यांच्यात माझ्याइतकं डोकं कुणाला नाही, हे पहिल्या तासातच कळलं.

काम मात्र झकास. मोबाईल आणि त्याचं नेटवर्क सारखे एकमेकांशी आकड्यांत बोलत असतात. ते बोलणं तपासून माणसाला वाचता येईल असं पडद्यावर मांडणारं साधन आम्ही बनवतोय. जानेवारीत बाहेर पडणार. दोन कॉम्प्युटर वायरीने जोडलेत. एक नेटवर्कचं सोंग घेतो, दुसरा फोनचं. खरा मोबाईल एकट्या साहेबांकडे, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडतात म्हणून ते तो उचलतच नाहीत.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आधीच्या माणसाचं काम वाचून हसून हसून पोट दुखलं. गुणाजी नाव. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. जूनमध्ये एका दुपारी खुर्चीवरून उठून गेला तो परत आलाच नाही. त्याची आई जनाबाई इथेच चहा करते.

नेटवर्क फोनला शोधायला जो संदेश पाठवतं, त्याला सारं जग पेजिंग म्हणतं. या महाशयांनी त्याचं नाव ठेवलंय ‘हाक’. फोनच्या उत्तराचं नाव ‘ओ’. कहर म्हणजे यांचा फोन पहिल्या दोन हाकांना गप्प बसतो आणि तिसरीलाच ओ देतो. शेजारी टीप लिहून ठेवलीय: ‘आईने सांगितलंय’. उद्या हे परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायचं!

६ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी वसाहतीची वीज बंद, त्यामुळे सगळे कारखाने बंद. आम्ही तेवढे जनरेटरवर. इतकी शांतता की रस्त्यावर कुणी खाकरलं तरी वरपर्यंत ऐकू येतं.

आज साफसफाई केली. ‘हाक’ आणि ‘ओ’ पुसून जगमान्य नावं घातली. आता फोन पहिल्याच हाकेला उत्तर देईल. नेटवर्कची बाजूही सुधारली. गुणाजीचं नेटवर्क एकदा हाक मारून थांबायचं, पुढच्या हाकेला पुन्हा बटण दाबा. आता उत्तर आलं नाही तर पाच सेकंदांनी दुसरी, आणखी पाच सेकंदांनी तिसरी, आपोआप.

चित्रा, आमची दुसरी प्रोग्रामर, बी.एस्सी. झालेली मुलगी, मला गंभीरपणे सांगत होती की भुताला एकदाच हाक मारता येते, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. म्हणून तिसरीलाच ओ द्यायची. मी म्हटलं, पदवी विकत घेतलीस का? ती रुसली. जनाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “बाला, पयल्या हाकेला ओ देव नको. माज्या पोरानं मशिनीला शिकवलं, आन सोता इसारला.” मी म्हटलं, मावशी, साखर कमी घाला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीनंतर नोंदी पाहिल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी हाक आलीय. आपल्या फोनने पहिल्या झटक्यात ओ दिलीय. तेव्हा नेटवर्कचा कॉम्प्युटर बंद होता. मीच बंद केला होता.

आणि पडद्यावर ‘पेजिंग’ नाही, ‘हाक’ आहे. तो शब्द मी पुसलाय. सगळीकडून पुसलाय.

गुणाजीने काहीतरी गचाळ घाण मागे ठेवली असणार, दुसरं काय. फोनचं उत्तर देणंच बंद करून ठेवलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

आज बारा दहाला पुन्हा हाक. उत्तर मिळालं नाही, तर पाच सेकंदांनी दुसरी. मग तिसरी.

म्हणजे माझी सुधारणा चालते. चित्राला हे ऐटीत सांगितलं. ती हसली नाही. दोन्ही कॉम्प्युटरमधली वायर माझ्या हातात होती, काढलेली.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो.

दुपार. कारखाने बंद. फाटकातून हाक आली, ‘चित्राताई!’ मीही ऐकली. चित्राने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, मला चिडवायला. दुसरी हाक. दोन बोटं. तिसऱ्या हाकेला ती हसून उठली, म्हणाली, “बघ, माणूसच आहे. ओ! आले गं शकू!” शकू तिची धाकटी बहीण, डबा घेऊन येते. ती चप्पल घालून खाली गेली.

वीस मिनिटांनी शकू डबा घेऊन वर आली आणि विचारलं, ताई कुठाय?

रखवालदार सांगतो, ताई एकटीच ‘आले, आले’ म्हणत खाडीच्या बाजूला गेली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

दोन हाकांमध्ये पाच सेकंद होते. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच आहे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

चित्रा सापडली नाही. पोलिसांना काय सांगू? सगळं पुसलं, दोन्ही कॉम्प्युटर उघडून ठेवले. तरी बारा दहाला बंद पडद्यावर—

जनाबाई रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, “त्याला येकच हाक येत व्हती. तीन कोनी शिकवल्या रं?”

मी. या दिगंबर गाढवाने. सगळ्यांना मूर्ख म्हणत फिरलो. शंभर वर्षं जी एक खूण इथल्या माणसांना वाचवत होती ती मी अर्ध्या दिवसात मोडली, आणि वर ऐट केली.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज आई येणार. पहाटेची साताऱ्याची एसटी. काल शेजारच्या कलावतीबाईंकडून फोन लावला, लागला नाही. तिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. ती खालूनच हाक मारते, नेहमी.

चार हाका मार, एवढं सांगायला हवं होतं. चार.

कडी लावून दाराला टेकून बसलोय.

बारा दहा. ‘दिगूऽ’ — आईचाच आवाज.

दुसरी. मोजले. पाच. पण माणूसही पाच सेकंद थांबतोच की—

तिसरी.

चौथी नाही. ऊन आहे. हातात पिशव्या असतील. चक्कर आली असेल, म्हणून चौथी मारवत नसेल. मी इथे बसून राहिलो आणि ती खाली पडली तर—

ओ दिली. मोठ्याने दिली.

कलावतीबाई भिंतीपलीकडून ओरडून सांगतायत — साताऱ्याहून फोन आहे — आईची एसटी चुकली, उद्या येते —

जिन्यात कुणी नाही. पावलं नाहीत. फक्त उजव्या हाताने लिहितोय, कारण डावा कडीवर गेलाय — मी नेलेला नाही — कडी सर