सुनेच्या पायांची सूज

मंगळवार, संध्याकाळ. वर्तकनगर

सुनेला सातवा महिना. डॉक्टरांनी पाय उशीवर ठेवून बसायला सांगितलंय. मी काळजीने दर अर्ध्या तासाला हॉलमध्ये जाऊन विचारायचो, "सूज उतरली का गं?" आठवडा झाला, उतरेना.

आज बायको भडकली. "अहो, तुम्ही आलात की ती पाय खाली घेते. सासऱ्यासमोर कशी पसरून बसेल? उतरेल कुठून?"

मला कसं दिसलं नाही? लगेच जाऊन म्हटलं, "पोरी, माझ्यासमोरही पाय वर घे."

"हो बाबा," म्हणाली, आणि पाय गाऊनखाली आणखी आत घेतले.

चुकलंच माझं. आता गॅलरीत बसलोय. उतरली असेल का? विचारायला उठलो, परत बसलो.