परातीएवढी रेकॉर्ड

ऑर्विल,

करीनला आणायला बस स्टँडवर चालले आहे. हो, आपली लेक येतेय. आधी सांगितलं असतं तर तू गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला पळाला असतास. खिमा-बटाट्याची हॉटडिश ओव्हनमध्ये आहे, वरून लालसर झाली की बंद कर.

तुझी ती परातीएवढी नाताळची रेकॉर्ड कचऱ्यातून काढून परत प्लेअरवर ठेवली आहे. जन्मभर बशीएवढ्या जमवल्यास, ही पहिलीच मोठी, आणि कडेला सुई टेकवून नुसती खरखर ऐकलीस नि "ही गेली" म्हणून मोकळा झालास! अरे शहाण्या, रेडिओवाल्यांच्या या जुन्या रेकॉर्डी आतून सुरू होतात. लेबलावर लिहिलंय, चष्मा लाव. मी लेबलापाशी सुई ठेवली, तर घंटा वाजल्या आणि पोरांचा अख्खा कॉयर गायला लागला. भांडी तशीच टाकून ऐकत बसले.

करीन आली की बस वेळेवर होती का, तिकडे बर्फ किती पडलाय, असं कडेकडेने सुरू करू नकोस. फोनवर तुम्हा दोघांची तेवढीच खरखर ऐकत आलेय मी.

या वेळी सुई आत ठेव.

मार्लिस