मखमलीवरचा गडद चौकोन

२ फेब्रुवारी, सोमवार

लाल! या आठवड्याचा विषय — लाल. आता अख्खा वर्ग टपालपेट्यांमागे धावणार. फोटोग्राफीच्या मॅडमना आम्ही क्रॉपबाई म्हणतो. कोणताही फोटो हातात आला की आधी तळहाताने त्याचा एक भाग झाकतात आणि विचारतात, "हे कापलं तर?"

४ फेब्रुवारी, बुधवार

लाल कुठेच सापडेना, म्हणून बाबांच्या दुकानात जाऊन बसले. पासपोर्ट फोटोचं दुकान — एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि बाबांचं ठरलेलं पालुपद: "समोर बघा. हसू नका. कान दिसू द्या." गिऱ्हाइकाची मान वाकडी असली तरी तसं तोंडावर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. दोन बोटांनी हनुवटी हळूच वळवतात.

हा नियम ताईला मात्र लागू नव्हता. तिची मान लहानपणापासून एका खांद्याकडे कललेली. नवा दिवा आला की बाबा आधी तिलाच स्टुलावर बसवायचे आणि ओरडायचे, "मान सरळ!" ती हसायची, मान आणखीच कलायची.

स्टुलाची गादी लाल आहे. माणूस उठून गेला की ती दबलेली असते, मग हळूहळू वर येते. तेवढ्यात काढला.

९ फेब्रुवारी, सोमवार

क्रॉपबाई म्हणाल्या, "गादी छान. माणूस कुठाय?" तेच तर ना, बाई! नवा विषय — हात.

११ फेब्रुवारी, बुधवार

आईचे हात काढले, फोन धरलेले. आई गच्चीवर जाऊन ताईला फोन करते, बाबांना कळू नये म्हणून. बाबांना पक्कं ठाऊक आहे. ती जिना चढायला लागली की हे रेडिओ बंद करतात!

गेल्या वर्षी ताईने बाजारातल्या मोठ्या स्टुडिओत नोकरी धरली. आमची निम्मी गिऱ्हाइकं पळवलेला तोच स्टुडिओ. बाबा म्हणाले, "तिकडे उभी राहणार असशील तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस." ती एक नंबरची हट्टी. नाही चढली. खोलीही तिकडेच घेतली. आता बाबा म्हणतात, "मी कुठे अडवलंय? यायचं त्याने यावं." आणि ती म्हणते, "बोलावलंय कोणी?" मधल्यामध्ये माझं सँडविच.

आज आईकडून फोन ओढून घेतला. म्हटलं, "ये ना गं एकदा."

"वेळ कुठे असतो मला!"

मला ताई हवी आहे. लिहून टाकते एकदाचं. फोनवरची नको. शेजारी बसलेली, माझे फोटो बघून "हा काय धुरकट काढलायस" म्हणणारी. ती गेल्यापासून माझे फोटो कोणी नीट बघितलेलेच नाहीत. क्रॉपबाई बघतात, पण त्या कापायला बघतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

विषय — रिकामी जागा. यावेळी डोकं खाजवायची गरजच पडली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानाच्या शोकेसमध्ये निळी मखमल आहे. तिच्यावर फोटोंच्या रांगा — बाळं, जोडपी, पदवीचा झगा घातलेले लोक. मधोमध ताईचा होता, सगळ्यांत मोठा. मान तिरकी, तोंडभर हसू. बाबांनी काढलेला सगळ्यात चांगला फोटो, आणि त्यात त्यांचा एकही नियम पाळलेला नाही! ती गेली त्या दिवशी त्यांनी तो उतरवला. तिथे दुसरा लावला नाही. बाकीची मखमल उन्हाने विटली आहे, तेवढा चौकोन गडद राहिलाय. पण आज जवळून पाहिलं तर तोही विटायला लागलाय.

बाबा घरी जेवायला गेल्यावर काढला. आणि काळं कापड विसरले! काचेतून फोटो काढायचा तर कॅमेऱ्यामागे काळं कापड धरायचं, नाहीतर सगळा रस्ता काचेत उतरतो. हे बाबांनी मी शाळेत असताना शिकवलं होतं. म्हणे फोटोग्राफरची मुलगी!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजात मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. रस्ता उतरलाच होता. समोरचा फुटपाथ, टेकवलेली सायकल, दिव्याचा खांब. खांबापाशी कोणीतरी दुकानाकडे बघत उभं. चेहरा धुरकट. मान एका खांद्याकडे कललेली.

वेळ कुठे असतो मला — खोटारडी!

बाबा जेवायला जातात ती वेळ तिला माहीत आहे. रोज येते की काय? मी पाठमोरी उभी होते. एकदा वळले असते तर! एकदा!

२३ फेब्रुवारी, सोमवार

क्रॉपबाईंनी तळहात ठेवला तो नेमका ताईवर. "हे कापलं तर चौकोन उठून दिसेल."

"नाही कापणार," मी म्हटलं.

"का?"

"ती माझी बहीण आहे."

त्यांनी हात उचलला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठा प्रिंट काढ."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काढला. बरोबर त्या चौकोनाच्या मापाचा. बाबा बँकेत गेले होते तेवढ्यात शोकेस उघडून तिथे लावून टाकला. रोज सकाळी ते आतून काच पुसतात.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पाहिला. हातात फडकं तसंच. मला वाटलं, आता फाडतात.

"कापड धरलं नाहीस," म्हणाले.

बस! एवढंच! मला रागाने रडू फुटलं. पण फोटो त्यांनी उतरवला नाही. आणि दुपारी जेवायला घरी आलेच नाहीत. आईने माझ्याबरोबर डबा धाडला. जाऊन बघते तर स्टूल दारात, आणि बाबा त्यावर खांबाकडे तोंड करून बसलेले. मला म्हणाले, "आत गरम होतं." आत पंखा चालू होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही डबा. आजही दारात. खांबापाशी कोणी नाही. आईला फोटोतल्या ताईबद्दल सांगितलं आणि ताईला फोन करून बोलावू का, असं विचारलं.

"नको. बघू देत की त्यांना वाट," आई म्हणाली. "ती पण बघत उभी होतीच ना?"

२ मार्च, सोमवार

विषय — आवाज. आवाजाचा फोटो! कप्पाळ माझं.

४ मार्च, बुधवार

डबा घेऊन गेले. दारात स्टूल नव्हतं. आतला पडदा ओढलेला, दिवे लागलेले. गिऱ्हाईक असेल म्हणून पायरीवरच थांबले.

आतून बाबांचा आवाज आला — "मान सरळ!"