डब्यावरचा हिरवा दिवा

५ पौष
ऐन कवितेत अंधार. पुस्तकातला होडीवाला मधल्या धारेत, आणि लाईट गेली! भिंतीवरच्या सोलरच्या डब्यानं तोडली. त्याचा लाल दिवा तेवढा मिणमिणत होता. नदीतल्या आमच्या या चरावर, गाळाच्या बेटावर, किती दिवस नुसतं धुकं, ऊन नाहीच. सून नूरुन्नाहार म्हणाली, "अब्बा, बॅटरीच्या पोटात काही उरलंच नाही. डबा वाचवतोय तिला."
तिला वाचवतोय. आणि मला?

८ पौष
सून माहेरी गेलीय, पौषातले पिठे, तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, करायला. शेजारचा तोफज्जल आला. "मास्तर, डब्याची कसली गुलामी? डायरेक्ट घ्या." चरावर निम्म्या घरांत डायरेक्टच — मॅच असली की डबा वगळून बॅटरीची तार सरळ टीव्हीला. माझ्या दिव्यालाही त्यानं तशीच जोडून दिली.
कविता पुरी वाचली. शाळेत पोरं डुलत डुलत म्हणायची ती. शाळा नदीनं नेली, चाल कानात राहिली.

१९ पौष
दिवा मंद वाटतो.

२ माघ
तोफज्जलची बॅटरी मेली. आता संध्याकाळी उजेडाला आमच्याकडे येऊन बसतो. आज सुनेला माझी तार दिसली. आधी उपटली, मग बोलली —
"भाताला उकळी येईस्तोवर जाळ मोठा, मग बारीक, शेवटी नुसता निखारा. डबा बॅटरीला ऊन तसंच देतो. आणि रिती व्हायच्या आधी घेणं थांबवतो. तुम्ही तळापर्यंत खरवडलंत, अब्बा."
"माझं तर पातेलंच करपलं, भाभी," तोफज्जल म्हणाला.
आमचीही गेली असली तर? वाचल्याशिवाय संध्याकाळ काढायची कशी?

१० फाल्गुन
लख्ख ऊन. दुपारीच डब्यावर हिरवा दिवा — बॅटरी भरली, म्हणजे वाचली. सून हसली. मला मात्र उजेड अजून मंदच वाटतो. डब्यात काहीतरी खोट असणार.
हे अंगणात उन्हात बसून लिहितोय. अक्षर मोठं काढतो हल्ली.

११ फाल्गुन
काल संध्याकाळी नेहमीसारखा दिव्याकडे पाठ करून बसलो. पुस्तक उघडलं. म्हटलं, "नूरु, दिवा लाव ना."
"लावलाय, अब्बा. मघाशीच."
मग तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "कुठवर आला होतात?"
"मधल्या धारेत," मी म्हटलं.