लीगचा इतिहास आणि मामांचा पाय

तीर्थरूप मामांस,

गुडघा पुरता वाकत नसल्यामुळे अर्धाच साष्टांग नमस्कार. उरलेला अर्धा समक्ष भेटीत. तुमची साखर, मामींचा खोकला आणि शेजाऱ्यांचा तो रेडिओ, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक. मी ठीक नाही, पण तुमची भाचेसून म्हणते की मी ठीक कधीच नव्हतो, तेव्हा ती काही बातमी नव्हे.

मामा, मी इतिहासकार झालो. आपल्या पंचक्रोशी फुटबॉल लीगला साठ वर्षं झाली म्हणून पुस्तक काढायचं ठरलं. अध्यक्ष (तेच, डेअरीवाले, आयुष्यात एकदाच चेंडूला पाय लावायला गेले, उद्घाटनाला, आणि तोही हुकला) घरी येऊन म्हणाले, तुम्ही छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवलेत, दर सोमवारचे निकाल तुमच्याच हातून गेलेत, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? मी लगेच होकार दिला. लीगच्या प्रेमापोटी नव्हे. अडतीस वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम सामन्यासाठी. आपला पूल क्लब विरुद्ध खाण क्लब, शेवटचं मिनिट, आणि तुमच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेलेला चेंडू. ‘सेल्फ गोल’ आणि त्यापुढे तुमचं नाव, हे खिळे मीच जुळवले होते. तेव्हा नोकरी नवी होती, जुळवले. मग गाव तुम्हाला ‘उलटे’ म्हणू लागलं, आणि दोन वर्षांत तुम्ही बदली मागून घेतलीत. मामी अजून सांगतात की बढती होती म्हणून.

असो. सायकल काढली आणि क्लब धुंडाळायला निघालो. तेव्हा अकरा होते, आता चार उरलेत. गिरणी क्लब गिरणीबरोबर बसला. त्यांच्या मैदानावर पेट्रोल पंप आहे आणि जिथून पेनल्टी मारत तिथे आता टायरमध्ये हवा भरतात. वीटभट्टी क्लबच्या चिटणिसांनी मोठ्या अभिमानाने इतिवृत्ताची वही दिली, तर तिच्यात नऊ वर्षांचे निव्वळ राजीनामे (त्यातले सहा खुद्द चिटणिसांचे). स्टेशन क्लब दोन सख्ख्या भावांचा. भाऊ वेगळे झाले तेव्हा क्लबही वाटून घेतला, प्रत्येकी सात खेळाडू आणि एकेक गोलपोस्ट. पहिलं विजेतेपद कोणाचं, यावर तीन गावांनी मला चहा पाजला आणि चौथ्याने कुत्रं सोडलं.

शेवटी खाण क्लब. त्यांचा तेव्हाचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे बाजारातला न्हावी. आता सत्तरी ओलांडलीय, हात कापतो, म्हणून फक्त ओळखीच्यांची दाढी करतो. मी ओळखीचा निघालो. अर्ध्या गालाला साबण असताना त्या सामन्याचं विचारलं, तर त्याने वस्तरा खाली ठेवला आणि आरशातल्या मला म्हणाला, “तुझ्या मामाच्या पायाला लागलाच नव्हता रे. माझ्या लागला. मी ऑफसाइड होतो. बोललो असतो तर गोल बाद झाला असता. सगळे तुझ्या मामाचं नाव घेत होते, मी गप्प बसलो.” मी विचारलं, अडतीस वर्षं? तो म्हणाला, “पहिलं वर्षच जड गेलं.” आणि उरलेला गाल पूर्ण केला. मामा, तुम्हाला काय सांगू, मी त्या खुर्चीत मान वर करून बसलो होतो आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

घरी आलो, सगळं लिहून काढलं, खाली न्हाव्याची सही घेतली. पान एक्केचाळीस. समितीत वाचून दाखवलं तर अध्यक्षांनी चष्मा पुसला. (चष्मा पुसला की ते नाही म्हणणार असतात.) अडचण अशी की यंदा पूल आणि खाण हे दोन्ही क्लब एक होतायत. दोघांत मिळून तेरा माणसं आहेत, त्यातला एक लंगडा. अशा मंगल प्रसंगी जुनी उणीदुणी कशाला, म्हणाले. मी म्हटलं, उणंदुणं नव्हे, माणूस आहे तो, माझा सख्खा मामा आहे. त्यावर आपल्याच क्लबचा चिटणीस, तुम्ही ज्याला बूट बांधायला शिकवलंत तो, म्हणाला की मामा कुठे इथे राहतात आता.

पुस्तक छापून आलं. पान एक्केचाळीसवर डेअरीची जाहिरात आहे. त्या सामन्याबद्दल एकच ओळ: ‘पूल क्लबच्या बचावपटूच्या औदार्यामुळे खाण क्लब विजयी.’ वर लेखक म्हणून माझं नाव, ठळक. म्हणजे तुम्हाला दुसऱ्यांदा छापलं, तेही माझ्याच हातून. आता त्या मैदानाकडे ढुंकून बघणार नाही, लीगचं नाव घेणार नाही.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला भाचा

ता.क. लीगचं चिटणीसपद मला दिलंय. मी घेतलं. रविवारी दोन्ही क्लब एक होण्याचा समारंभ आहे आणि भाषणं कोणी करायची हे चिटणीस ठरवतो. पहिलं नाव न्हाव्याचं घातलंय. सगळं कबूल करीन म्हणालाय, पण तुम्ही समोर असाल तरच. चार वाजता. मामींना घेऊन या.

ता.ता.क. पत्र पाकिटात घालता घालता न्हावी येऊन गेला. म्हणतो, आता नीट आठवत नाही, कदाचित दोघांच्याही पायाला लागला असेल. मामा, तरीही या. भाषण तो करो न करो, मी करीन. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर मला सांगू नका.