पावणेदोन इंच

३ फेब्रुवारी, मंगळवार
ठरलं! जीपचे चारही शॅकल बदलायचे. जुन्यांची भोकं झिजलीत, हलवले की खुळखुळ्यासारखे वाजतात. स्प्रिंगच्या पाट्यांचं टोक चॅसीला टांगणाऱ्या वीतभर पट्ट्या, बस्स — पण मला दुसरं काही सुचत नाहीये. आज एक्सरे काढताना एका आजोबांना "श्वास रोखा" म्हटलं आणि सोडायला सांगायचंच विसरले. बिचारे लालबुंद!

बावीसला बाबांची सत्तरी. त्या दिवशी बाबा स्वतः जीप चालवत खाणीचा चढ चढणार, मी शेजारी बसून ओरडणार. तीन वर्षं आम्ही दोघं गॅरेजमध्ये हात काळे करतोय ते त्यासाठीच. ड्रायव्हरची सीट गेल्या वर्षी बाबांनी एकट्याने बोल्ट आवळून बसवली. तिच्यावर मी अजून टेकलेसुद्धा नाही. तो मान बाबांचा.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मला दोन इंच लांब शॅकल हवेत. जीप इंचभर उंच होईल, काय रुबाब दिसेल! बाबा म्हणाले, "चढाला रुबाब दिसत नाही. ॲक्सल कलेल, स्टिअरिंग भरकटेल." मी फुगून बसले. आई म्हणाली, "तुमचं दोघांचं भांडून झालं की एकदा त्या जीपलाही विचारा."

७ फेब्रुवारी, शनिवार
तह झाला! एकच इंच लांब, पण जाड पट्टीचे आणि ग्रीस भरता येणारे. भोकांत बसणारे बुश रबराचे — हा बाबांचा हट्ट.

आमच्या घरची रीत अशी, की माप बाबा घेणार आणि आकडा मी लिहिणार. चाळीस वर्षं वर्कशॉप चालवलेल्या माणसाचं माप तपासायची कुणाची छाती आहे? बाबा जीपखाली झोपले, पाट्यावरून अंगठा फिरवला, टेप लावली. "रुंदी पावणेदोन!" मी लिहिलं, पावणेदोन. ऑर्डर गेली!!

११ फेब्रुवारी, बुधवार
आले नाहीत. फाटकापर्यंत चार चकरा.

१४ फेब्रुवारी, शनिवार
आले! काळे, तेलकट, देखणे! शेजारच्या काकूंनाही दाखवून आले. आई म्हणाली, "दागिने आणल्यासारखी काय मिरवतेस!"

१५ फेब्रुवारी, रविवार
बसत नाहीत. दोन पट्ट्यांच्या मध्ये पाटा शिरतच नाही! दुकानदाराला फोनवर नको नको ते बोलले. तो आपला शांतपणे, "ताई, पावणेदोनच पाठवलेत. एकदा मोजून तर बघा." बाबांचं माप मोजून बघा म्हणतो! फोन कापला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
मोजलं. बाबा आंघोळीला गेल्यावर, चोरासारखं. दोन इंच. पुन्हा मोजलं. दोनच.

मग आठवलं — आमच्या पहिल्या जीपचे पाटे पावणेदोनचे होते, मी शाळेत होते तेव्हाची जीप. बाबा सवयीने बोलून गेले असणार! मला हसूच फुटलं. चिडवायचं म्हणून टेप घेऊन गेले, "पुन्हा मोजा पाहू!" बाबा जीपखाली सरकले. अंगठा फिरवला. टेप ओढली, पाट्याला लावली — उलटी. आकडे पलीकडे, कोरी पाठ त्यांच्या डोळ्यांसमोर. नीट निरखून पाहिली.

"पावणेदोन," म्हणाले. ठामपणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दुकानदाराची माफी मागितली. दोन इंच रुंदीचे शॅकल शुक्रवारी पोचतील म्हणाला. भला माणूस.

बाबांना विचारलं, कधीपासून? "दोन वर्षं झाली असतील. अंधुक दिसतं. सांगितलं असतं तर तू जीप झाकून ठेवली असतीस." ठेवलीच असती. मी खूप रडले. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बाबा कुरकुरत का होईना तयार झालेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार
बसले! चारही! आवाज नाही की काही नाही!

२२ फेब्रुवारी, रविवार
चढलो!! चालवली मी. शेजारी बसून ओरडले बाबा.

निघताना, माझे पाय पोचावेत म्हणून सीट पुढे घ्यायला पाना आणला होता. लागलाच नाही. बाबांनी ती गेल्या वर्षीच माझ्या मापाने बसवली होती.