जुनं काही नको ना?

सर,

तुमच्यावरचा लेख लिहून झाला. कारखानदारांच्या संघटनेची स्मरणिका निघते आहे, त्यांना सहाशे शब्द हवे होते, शुक्रवारपर्यंत. मी गुरुवारीच पाठवले. त्यात तुम्ही द्रष्टे होतात, नवी मुंबईत पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात बसून तुम्ही मराठीला संगणकावर आणलंत, सहकाऱ्यांवर मुलांसारखं प्रेम केलंत. संपादकांचा लगेच फोन आला, "मॅडम, डोळ्यांत पाणी आणलंत हो." माझ्या डोळ्यांत काही आलं नव्हतं. इतकी वर्षं शब्द मोजून आणि वेळेत लिहायची सवय आहे, त्यामुळे कुणाबद्दलही चांगले सहाशे शब्द मला जमतात. जे त्यात बसलं नाही ते इथे लिहिते आहे. हे कुणी मागितलेलं नाही.

आपला गाळा आठवतो. खाली पंख्याची पाती ठोकणारा कारखाना, वर आपण. खाली ठोका पडला की वर मॉनिटरवरची अक्षरं थरथरायची. चपला बाहेर काढायच्या हा तुमचा नियम, कारण धुळीने मशीन बिघडतात. आणि तुम्ही स्वतः मात्र टेबलावर पाय टाकून फरसाण खायचात. एका दसऱ्याला तुम्ही मशीनची पूजा केलीत, फ्लॉपीच्या फटीला हळदकुंकू लावलंत आणि वर अक्षता टाकल्यात. त्यातले दोन तांदूळ आत गेले. दुपारी त्या ड्राइव्हने फ्लॉपी वाचायची सोडली, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "तैवानचा माल." आम्ही हसलो. तुमचा स्वभाव समजून घ्यायला तेवढं पुरेसं होतं, पण मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मराठीत एम.ए. करून नोकरी मिळाली याचंच मला अप्रूप होतं.

माझं काम दोन भागांत होतं. पडद्यावर जे मराठी दिसेल ते लिहायचं, आणि विंडोजवर आपलं पॅकेज बसवून देणारा जो सेटअप, त्याच्या सात फ्लॉप्या तयार करायच्या. गिऱ्हाईक पहिली फ्लॉपी घालतं, सेटअप सुरू होतो, दोन-चार प्रश्न विचारतो, एकेक फ्लॉपी मागतो आणि सगळ्या फायली जागच्या जागी नेऊन ठेवतो. प्रोग्रॅम कितीही चांगला असला तरी गिऱ्हाइकाची आपल्याशी पहिली ओळख सेटअपमध्ये होते, असं तुम्ही म्हणायचात. ते खरं होतं. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य उभं राहून मोठ्याने वाचायचं, हेही तुम्हीच शिकवलंत आणि मी ते अजून करते. तुमच्याकडून घेतलेली चांगली गोष्ट ती एकच. लेखात तिच्यावर मी दीडशे शब्द काढले.

नव्या आवृत्तीत अक्षरांची सगळी मांडणी बदलली होती. जुन्या फायली नव्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या की पानभर चौकोन दिसायचे. जुनं नव्यात बदलून देण्याची सोय करायला आणखी पंधरा दिवस हवे होते, आणि तुम्ही एका प्रदर्शनात सगळ्यांसमोर तारीख सांगून आला होतात. मग तुमच्या सुपीक डोक्यातून निघालं की सेटअपने आधी आपली जुनी डिरेक्टरी, म्हणजे आजच्या भाषेत फोल्डर, साफ करायची आणि तिथेच नवं भरायचं. गिऱ्हाइकाला एकदा विचारायचं. त्याच डिरेक्टरीत लोकांची पत्रं, याद्या, सगळं टाइप केलेलं असायचं, कारण आपल्याच प्रोग्रॅमने ते तिथे साठवायची त्यांना सवय लावली होती. मी प्रश्न लिहिला: "या डिरेक्टरीतल्या तुमच्या सर्व जुन्या फायली पुसायच्या का?" खाली दोन बटणं, "पुसा" आणि "ठेवा".

"पुसा? फरशी आहे का ती?" तुम्ही म्हणालात. "आणि पुसा-पुसा ओरडलं की माणूस घाबरतो. घाबरला की आपल्याला फोन करतो. घरात विचारतो तसं विचारा ना, गोड. चहा नको ना? तसं. जुनं काही नको ना? बास. खाली हो आणि नाही, ती बटणं आपल्याकडे तयार आहेत."

आपला प्रोग्रॅमर पनवेलजवळच्या नावड्याचा होता, दिवसभरात दहा शब्द बोलायचा. त्याने खुर्ची फिरवली. "सर, हो म्हंजे कोनता हो? ठेवाचा हो का पुसाचा हो?"

"हो म्हणजे हो! हो, नको. सरळ आहे."

"आमचे घरान चहा नको ना इचारला का माझी आय हो बोलते न कप पुढं करते."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "ज्याला एवढंही कळत नाही त्याने कॉम्प्युटरला हात लावू नये," असं म्हणून तुम्ही केबिनमध्ये गेलात. प्रोग्रॅमरने खांदे उडवले आणि "हो"वर पुसायचं टाकलं. त्या संध्याकाळी फ्लॉप्यांवर लेबलं चिकटवून झाली.

महिन्याभरात सीबीडी बेलापूरहून फोन आला. एका सरकारी कार्यालयातल्या बाईंची सगळी यादी गेली होती. मी आणि प्रोग्रॅमर गेलो. बाई साताऱ्याकडच्या, पन्नाशीला आलेल्या, टाइपरायटरवर हयात गेलेल्या. नव्या मशीनला त्यांनी स्वतः शिवलेलं कापडी झाकण घातलं होतं. जमिनी गेलेल्या अकरा गावांतल्या कुटुंबांची यादी त्या दीड वर्ष दुरुस्त करत होत्या. एकाच्या वडलांचं नाव चुकलेलं, दुसऱ्याच्या आडनावात गावात "न" म्हणतात आणि कागदावर "ण" आहे. माणूस समोर बसवून, त्याचा सातबारा पाहून त्या एकेक ओळ सुधारत होत्या. छापील प्रत होती ती सुरुवातीची, चुकांसकट.

"त्यानं विचारलं, जुनं काही नको ना," बाई सांगत होत्या. "मी म्हटलं हो, पायजे की! समदं पायजे. आन् दाबलं हो." मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही मराठीच्या ना? तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?"

प्रोग्रॅमर खाली मान घालून पुसलेल्या फायली परत येतात का ते बघत होता. सेटअपने त्याच जागेवर नव्या फायली लिहिल्या होत्या. तो नुसता "नाय" म्हणाला. तेवढ्यात त्यांचे साहेब आले. "चूक कुणाची ते कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्या. आमचीच चूक असेल तर इथे कारवाई होईल. तुमची असेल तर तुमचं पॅकेज पुन्हा या इमारतीत येणार नाही." जिन्यापर्यंत बाई आमच्याबरोबर आल्या. "नीट लिव्हा हं. पुढच्या महिन्यात माझं प्रमोशन हाय, अव्वल कारकुनाचं. आत्ता मेमो आला तर संपलं. मग रिटायर होईस्तोवर काय व्हायचं नाय." प्रोग्रॅमर म्हणाला, "ताई, तुमची चूक नाय, मी सांगन." मी म्हणाले, "आम्ही रिपोर्टमध्ये सगळं लिहू." दोघांच्या बोलण्यात फरक होता, तो त्यांना कळला नसावा.

प्रोग्रॅमरने तुम्हाला सांगितलं. केबिनचं दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. "सर, वाक्य चुकलाय. लिवून देव, न यादी आपुन टाइप करून देव. मी बसतो रविवारी." तुम्ही त्याला विचारलंत, तू कंपनीत आहेस की त्या बाईच्या ऑफिसात. मग म्हणालात की सरकारी कारकुनांना काम नको असतं, यादी गेली म्हणून ती मनातून खूशच असेल. त्या बाईंना तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं. मी तुमच्याबद्दल पुष्कळ गोष्टी विसरले, हे वाक्य नाही विसरले. मूर्ख माणसं खूप भेटली नंतर, पण मूर्खपणाला इतका आत्मविश्वास लागतो हे तुमच्याकडे बघून कळलं.

रिपोर्ट तुमच्या सहीने गेला. बाईंना मेमो मिळाला, प्रमोशन गेलं, त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. यादी मात्र पुन्हा त्यांनीच केली, जेवणाच्या सुट्टीत, आपल्याच पॅकेजवर. प्रोग्रॅमर दोन महिन्यांनी सोडून गेला. पुढच्या सेटअपमध्ये "पुसा" आणि "ठेवा" गुपचूप परत आले. दुसऱ्या एका प्रदर्शनात तुम्ही भाषणात सांगितलंत की सामान्य माणसाच्या भाषेचा आम्ही किती बारकाईने विचार करतो, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. तुम्ही गेलात तेव्हा मी हार घेऊन आले होते. लोक रडत होते, मला घड्याळ बघावंसं वाटत होतं.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला ठाऊक होती आणि दुसऱ्या कुणालाही नाही. त्या रिपोर्टसाठी तुम्ही मला एकच ओळ सांगितली होती: "सूचना येऊनही चुकीचं बटण दाबलं गेलं." वाईट मराठी, पण त्यात कुणी दाबलं ते नव्हतं. त्या ओळीवर कदाचित मेमो निघालाच नसता. "संबंधित महिला कर्मचाऱ्याने स्पष्ट सूचनेकडे अक्षम्य दुर्लक्ष केले" हे वाक्य माझं. पडद्यावरचं मराठी माझ्या खात्यात मोडत होतं आणि उद्या साहेबांनी विचारलं असतं, हे कुणी लिहिलं, तर नाव माझं आलं असतं. तुम्ही वाचून थांबलात, म्हणालात, "अक्षम्य जरा जड होतंय. काढा." मी म्हणाले, सर, त्याशिवाय वाक्याला वजन येत नाही. तुम्ही सही केलीत. मेमोत तो शब्द जसाच्या तसा उतरला होता असं बाईंना भेटून आलेल्या प्रोग्रॅमरने नोकरी सोडून जाताना सांगितलं. मग मला एवढंच विचारलं, "तुमचा शब्द हाय ना?" मी म्हणाले, सरांचा आहे.